मॉडेलचे आफ्टरमार्केट पार्ट कशात पॅक होऊन आलेले तुम्हाला आवडतात? पिशवी, ब्लिस्टर का डबा?

रेझिनवाला_सिडको (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी. इथं प्लॅस्टिक किट बनवणारे बरेच जण आहेत म्हणून विचारायलो. मी घरीच रेझिन प्रिंटरवर १/७२ आणि १/४८ मापाचे (खऱ्या विमानाच्या तितक्या पट लहान) छोटे पार्ट काढतो, किटमधल्या साध्या पार्टच्या जागी लावायचे. सध्या सगळा जोर मिग-२१ वर आहे, कारण २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला विमान रिटायर झालं आणि तेव्हापासून जो तो माळ्यावरचं मिगचं किट खाली काढायलाय. केएम-१ सीट (पायलटची बाहेर फेकली जाणारी खुर्ची), चाकं, मागचं नोझल (इंजिनाचं तोंड) आणि नाकावरची पिटो नळी (वेग मोजायची लांब काडी) एवढं तयार आहे.

आतापर्यंत गावातल्याच लोकांना हातोहात दिलं, छोट्या डबीत कापूस घालून. आता नागपूर, कोल्हापूर, बेंगळुरूहून ऑर्डरी यायल्यात आणि गाडी पॅकिंगवर येऊन अडलीय. डोक्यात तीन गोष्टी आहेत. एक म्हणजे झिपची पिशवी आणि वर पुठ्ठ्याची छापील पट्टी, सगळ्यात स्वस्त. दुसरं पारदर्शक ब्लिस्टर (पुठ्ठ्यावर चिकटवलेलं प्लॅस्टिकचं फुगीर कवच), माल दिसतो, दुकानात खुंटीला लटकवता येतो. तिसरं म्हणजे पुठ्ठ्याचा छोटा बॉक्स आणि आत फोम, दिसायला भारी पण महाग.

तुम्ही पैसे देऊन मागवता तेव्हा काय बघता? पार्ट हातात आल्यावर त्याच पाकिटात ठेवता का काढून दुसरीकडं टाकता? आणि माहितीपत्रक कागदावर पाहिजे का क्यूआर कोड चालेल? मोकळेपणानं सांगा, नावं ठेवली तरी चालतील.

लातूरचे_गुरुजी

अरे बाबा, बाकी सगळं नंतर, आधी तो कापूस बंद कर. कापसाचे धागे सीटच्या पट्ट्यात, वरच्या हँडलच्या कडीत असे अडकतात की चिमट्यानं ओढायला गेलं की धागा राहतो तिथंच आणि कडी येते हातात. १/७२ मधी ती कडी केसाएवढी असते, खाली फरशीवर पडली की गेली म्हणून समज. कापसापेक्षा नुसता टिश्यू पेपर बरा, आणि त्याच्यापेक्षा काहीच न घालता पार्ट त्याच्या सपोर्टवर (छापताना पार्टला धरणाऱ्या बारीक काड्यांवर) जसा छापला तसाच दिलेला सगळ्यात बरा.

दुसरं, स्टेपलर. पिशवीवर पुठ्ठ्याची पट्टी मारायची आणि दोन पिना ठोकायच्या ही पद्धत मला अजिबात पटत नाही. उघडताना पट्टी फाटते, पट्टीच्या आतल्या बाजूला जे काही छापलंय ते अर्धं जातं, आणि पावसाळ्यात पिना गंजल्या की पिशवीवर तांबडे डाग. पट्टी चिकटव नाहीतर पिशवीच्या आतच सरकव, पण झिप मोकळी राहिली पाहिजे. माझ्यासारखा माणूस एक सीट आज वापरतो आणि दुसरी पुढच्या वर्षी. पिशवी परत बंद होत नसेल तर ती पिशवी काय कामाची.

आणि सगळ्यात मोठं, नाव. पट्टीवर नाही, पिशवीवर. पट्टी जाते कचऱ्यात, पिशवी जाते किटच्या बॉक्समधी. माझ्याकडं एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा भरून राखाडी चाकं आहेत, कुणाची कुठल्या विमानाची ते ब्रह्मदेवालाच ठाऊक, कारण बनवणाऱ्यानं पिशवीवर एक अक्षर लिहिलेलं नाही. तुझ्या पिटोवर नुसतं मिग-२१ लिहून भागायचं नाही. मिगच्या एफएल प्रकाराची पिटो नाकाच्या वर मधोमध असते, एमएफ आणि बिस ची उजव्या अंगाला सरकलेली. तर स्केल, विमान, त्याचा प्रकार आणि कुठल्या कंपनीच्या किटसाठी मापं घेतली ते, एवढं चार ओळीत पिशवीवर आलंच पाहिजे. अक्षर जरा मोठं काढ, आमच्या वयाला भिंगाशिवाय वाचता येईल असं.

नांदेड_रणगाडा

गुरुजींचं कापसाचं खरंय.

मी विमानवाला नाही, आपलं काम १/३५ च्या रणगाड्यांचं, पण दुखणं तेच. एक गोष्ट लिहून ठेव दादा, धातू आणि रेझिन एका पिशवीत कधीच नाही. मागं एका बाहेरच्या दुकानातून टी-५५ साठी सेट मागवला होता, रेझिनचा टरेट (वरचा फिरता बुरूज) आणि तोफेची अल्युमिनियमची नळी, दोन्ही एकाच पिशवीत सुटं. नळी जशीच्या तशी आली, एक ओरखडा नाही. टरेटवरच्या पेरिस्कोपचा, हॅचच्या बिजागऱ्यांचा भुगा झालेला. सगळ्या रस्त्यानं ती नळी आत हातोड्यासारखी आपटत आली असणार. दुकानदाराला फोटो पाठवले तर म्हणे बॉक्सला बाहेरून काही झालं नाही मंग आम्ही काय करणार.

म्हणून जड वस्तू वेगळी, नाजूक वेगळी, आणि जड वस्तू हलायला नको अशी घट्ट. रणगाड्याच्या पट्ट्याच्या व्हाईट मेटलच्या कड्या तर नुसत्या डबीत खुळखुळत येतात, एकमेकींवर घासून काळ्या पडतात, त्या निदान घट्ट भरलेल्या पिशवीत तरी द्याव्या.

तुझी पिटो रेझिनची का धातूची? रेझिनची असंल तर ती वाटंतच मोडणार, सांगून ठेवतो. पोलंडची मास्टर कंपनी पितळंची देते, ती वाकंल पण मोडायची नाही.

रेझिनवाला_सिडको

पिटो सध्या रेझिनचीच आहे. लोकांना स्वस्तात पाहिजे असते म्हणून. एकाच्या जागी दोन देतो, एक मोडली तर दुसरी. ती स्ट्रॉच्या तुकड्यात घालून दोन्ही तोंडाला फोमचा बोळा लावला तर कसं?

नांदेड_रणगाडा

आयडिया चांगलीय पण स्ट्रॉ आणणार कुठून. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आहे, कान साफ करायच्या प्लॅस्टिकच्या काड्या पण त्यातच गेल्या, नाहीतर मी त्याच कापून वापरायचो. कागदी स्ट्रॉ दाबली की चेपते. बॉलपेनच्या पारदर्शक नळीचा तुकडा काप, घाऊक दुकानात साधे पेन लई स्वस्त मिळतात, रिफिल बाजूला काढून ठेव लेकरांना लिहायला.

वाळूज_पुठ्ठा

मी वाळूज एमआयडीसीत पॅकिंगच्याच लाईनमधी आहे, गाड्यांच्या स्पेअर पार्टचे बॉक्स करतो, आणि रविवारी १/७२ ची विमानं. त्यामुळं दोन्ही बाजूनं बोलतो, जरा लांबंल.

ब्लिस्टर विसर. त्याला साचा लागतो, व्हॅक्यूम फॉर्मिंग लागतं, पुठ्ठ्यावर गरम करून चिकटवायचं मशीन लागतं, आणि तू महिन्याला जेवढे नग काढणार तेवढ्यासाठी कुणी साचा करून देणार नाही, दिला तर साच्याचा खर्च प्रत्येक सीटवर बसंल. रेडिमेड बिजागरीच्या पारदर्शक डब्या मिळतात, त्या वापरता येतील, पण त्यात पार्ट हलतो, म्हणजे परत फोम आला. छापील छोटा डबा, ज्याला आम्ही मोनो कार्टन म्हणतो, तो ३०० जीएसएमच्या डुप्लेक्स बोर्डाचा होतो, पण त्याला पण डाय (पुठ्ठा कापायचा साचा) आणि छपाईची कमीत कमी क्वांटिटी आहे. आणि एकटा मोनो कार्टन पोस्टात टाकलास तर चपटा होऊनच पोचंल, त्याला बाहेरून परत कोरोगेटेड बॉक्स लागणार.

आता बॉक्स मोठा झाला की काय होतं ते बघ. कुरिअरवाले वजन दोन पद्धतीनं धरतात, काट्यावरचं आणि आकारमानाचं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमधी, भागिले ५०००, येईल ते किलो, आणि दोन्हीतलं जे जास्त त्याचे पैसे. २० बाय १५ बाय १० चा बॉक्स म्हणजे ३००० भागिले ५०००, ०.६ किलो. आत तुझी सीट दोन ग्रॅमचीबी नाही आणि गिऱ्हाईक पैसे देणार सहाशे ग्रॅमचे. उलट चपटं पाकीट केलं आणि ५० ग्रॅमच्या आत बसवलं तर स्पीड पोस्टाच्या पहिल्याच स्लॅबमधी जातं.

म्हणून माझं म्हणणं असं. थ्री-प्लायच्या पुठ्ठ्याचे पोस्टकार्डाएवढे तुकडे काप. मधल्या तुकड्याला कटरनं खिडकी पाड, पार्टपेक्षा सगळ्या बाजूनं थोडी मोठी. त्या खिडकीत पार्टची झिप पिशवी बसव, वरून खालून एकेक तुकडा लाव. पण पुठ्ठ्याच्या आतल्या ज्या नळ्या असतात, फ्लूट, त्या वरच्या तुकड्यात उभ्या आणि खालच्यात आडव्या आल्या पाहिजेत. दोन्ही एकाच दिशेनं ठेवल्या तर पाकीट त्या रेषेवर घडी घातल्यासारखं मोडतं, आडव्या-उभ्या ठेवल्या तर दोन हातानं वाकवून बघ, वाकणार नाही. बी फ्लूटचा पुठ्ठा साधारण ३ मिलिमीटर जाडीचा असतो, तीन थराचं मिळून एक सेंटीमीटरच्या आत बसतं. १/७२ ची चाकं त्यात जातात. सीट, नोझल जाड असतात, त्यांच्यासाठी मधी पुरतील तेवढे खिडकीचे तुकडे एकावर एक घाल.

आणि पैसे द्यायचेच असले तर फोमवर दे. पांढरा ईपीई फोम घे, पिवळा स्पंज घेऊ नको. स्पंज काही वर्षांनी दमट हवेत चिकट होतो, त्याचा चुरा पार्टवर बसतो आणि घासून काढावा लागतो. तसंच मऊ पीव्हीसीच्या पिशव्या नको. त्यातलं जे मऊपणाचं केमिकल असतं ते पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकला, खातं. जुन्या किटमधी मऊ टायर आणि प्लॅस्टिकचं चाक वर्षानुवर्षं एकमेकाला टेकून राहिलं की चाक वितळलेलं दिसतं ते त्यानंच. तुझी पिशवी किटच्या बॉक्समधी पार्टच्या फ्रेमवर पडून राहणार आहे हे ध्यानात ठेव. साधी एलडीपीईची झिप पिशवी घे.

जाता जाता. दुकानातून विकणार असशील तर पाकिटावर एमआरपी, नग किती, कुणी बनवलं त्याचा पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी नंबर लागतो, २०११ चे पॅकेज्ड कमोडिटीचे नियम आहेत लीगल मेट्रॉलॉजीचे. छोटा धंदा म्हणून कुणी सोडत नाही.

परभणीची_डिकलवाली

वाळूजच्या दादांनी पुठ्ठ्याचं सगळं सांगितलं, मी उन्हाचं सांगते. जगात जर्मनी भारतात परभणी म्हणतात ते उगाच नाही, आमच्याकडं मे महिन्यात कुरिअरची बंद गाडी दुपारभर उभी राहिली की आतलं पार्सल हातात धरवत नाही. रेझिनचे पातळ पार्ट, चाकांच्या गिअरचे दरवाजे, अँटेना, हे वजनाखाली दबलेले असले की तसेच वाकडे होऊन येतात. गरम पाण्यात बुडवून सरळ करता येतात, ते मी करते, पण नव्या माणसाला वाटतं माल खराब आला. म्हणून पार्ट सपाट जागेवर आणि त्याच्यावर दाब नको, खिडकीवाला पुठ्ठा त्यासाठी मस्तच.

रेझिनवाले दादा, तुम्ही पार्ट धुवून नीट क्युअर करून (अतिनील प्रकाशात पक्के करून) मगच पिशवीत घालता ना? विचारायचं कारण, मी एका घरगुती प्रिंटवाल्याकडून १/४८ ची चाकं घेतली होती, पिशवी उघडली की भपकारा, पार्ट चिकट, आणि लेबलची शाई पार्टवर उठलेली. रंग धरेना त्याच्यावर. अल्कोहोलमधी परत धुवून उन्हात ठेवले तेव्हा कुठं ठीक झाले. आणि उलटं पण आहे, क्युअर झालेलं प्रिंट रेझिन ऊन खात राहिलं तर आणखी कडक होतं, पिवळं पडतं, मंग टिचतं. पारदर्शक ब्लिस्टर दुकानाच्या काचेत लटकून राहिलं तर तेच होणार. म्हणून मला तर न दिसणारं पॅकिंगच बरं वाटतं, फोटो लेबलवर छापा की.

पुढं डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) द्यायचा विचार असला तर ते रेझिनच्या पिशवीत मुळीच नको. वेगळी पिशवी, वरून पातळ बटर पेपर आणि मागं ताठ पुठ्ठा, घडी नाही. पावसाळ्यात डिकलचा गोंद ओल धरतो आणि दोन शीट एकमेकांना चिकटले की दोन्ही गेले. आणि पीई म्हणजे पितळेची जी पातळ जाळी असते तिला पण हाच न्याय, पत्रा इतका पातळ असतो की एकदा मधी वाकला की सरळ केला तरी त्याची रेघ दिसत राहते. एडुआर्ड कंपनीची जी चपटी पाकिटं येतात ताठ कार्डावरची, ती मला त्यासाठीच आवडतात, किटच्या बॉक्समधी निर्देशपत्राच्या खाली सरकून जातात.

अंबाजोगाई_संग्रह

मी उलटं बोलतो, रागावू नका कुणी.

तुम्ही सगळे बनवणारे आहात म्हणून पिशवी, पुठ्ठा, पेनाची नळी असल्या गोष्टी बोलायलात. पण खरं सांगा, घेतलेल्या मालातला किती जण बनवतात? माझ्यासारखे घेऊन ठेवणारेच जास्त. मला डबा पाहिजे, छापील, चारी बाजूनं नाव असलेला, कपाटात एकावर एक रचता येणारा. पिशव्या कपाटात उभ्या राहत नाहीत, खोक्यात एकात एक गुंततात. आणि कुणाला भेट द्यायची असली तर झिपची पिशवी देऊ का? मेडिकलमधून सुट्या गोळ्या आणल्यासारखं वाटतं ते. डब्यासाठी वर तीस-चाळीस रुपये गेले तर मला जड नाही.

लातूरचे_गुरुजी

तुमच्या कपाटात राहायलाच पार्ट बनवलेत का मालक? ती सीट विमानात बसायला पाहिजे.

बाकी भेटीचं म्हणणं खरंय, ते मान्य. पण डबा सगळ्यांच्या गळ्यात मारू नका. किटच्या बॉक्समधी जागा किती असते? १/७२ च्या मिगच्या बॉक्सात आधीच फ्रेम, काच, डिकल आणि निर्देशपत्र, त्यात तुमचे तीन डबे कोंबले की झाकण बसत नाही. मंग माणूस डबा फेकतो आणि पार्ट काढून साध्या पिशवीत टाकतो, म्हणजे फिरून फिरून भोपळे चौकात.

अंबाजोगाई_संग्रह

मी फेकत नाही ना गुरुजी, तेच तर म्हणायलो. दोन्ही ठेवा, ज्याला पाहिजे त्यानं डबा घ्यावा.

वाळूज_पुठ्ठा

दोन्ही ठेवता येईल, पण छपाई न करता. साधा तपकिरी रेडिमेड बॉक्स घ्यायचा, त्यात तोच खिडकीचा पुठ्ठा सरकवायचा आणि बॉक्सवर स्टिकर. स्टिकर शीटवर घरच्या प्रिंटरवर निघतं, पाहिजे तेवढेच काढा. आतलं पॅकिंग एकच, वरचं कवच ज्याला पाहिजे त्याला. भाऊंना कपाटात रचायला मिळंल, गुरुजींना चपटं मिळंल.

रेझिनवाला_सिडको

हे लई भारी सुचवलं. सगळ्यांचे आभार, एवढं उत्तर येईल वाटलं नव्हतं.

परभणीच्या ताई, क्युअरिंग नीट करतो, दोनदा धुतो. ऊन लागू नये म्हणून आता काळी पिशवी बघतो नाहीतर पुठ्ठ्यात बंदच राहणार म्हणा.

दोन गोष्टी राहिल्या. सपोर्ट काढून स्वच्छ करून देऊ का तसेच ठेवू? बेंगळुरूचा एक जण म्हणतो साफ करून द्या, वरचे पैसे देतो. आणि क्यूआर कोडचं कुणी बोललं नाही.

परभणीची_डिकलवाली

सपोर्ट ठेवा. सीटच्या भोवती तो जो पिंजरा असतो तोच तिचं खरं पॅकिंग आहे. साफ करून दिलेली सीट पिशवीत कुठंबी आपटते, पिंजऱ्यातली सीट पिंजऱ्यावर आपटते. फक्त कुठं कापायचं ते चित्रात दाखवा, सपोर्ट कुठला आणि खरा पार्ट कुठला हे ग्रे रेझिनमधी पटकन कळत नाही, मी एकीला चाकाच्या गिअरची जोडदांडी कापून टाकताना बघितलंय, तिला वाटलं सपोर्टच आहे. चित्रात सपोर्ट तांबडा रंगवा, प्रश्न मिटला.

नांदेड_रणगाडा

क्यूआर नको. म्हणजे असू दे पण त्याच्या भरवशावर नको. आपण पार्ट आज घेतो, लावतो दहा वर्षांनी, तोवर तुझी लिंक कुठं राहणार. माझ्याकडं एका सेटवर कोड आहे, उघडला की कसल्यातरी कर्जाची जाहिरात येते. पोस्टकार्डाएवढा कागद, एका बाजूला चित्र आणि दुसऱ्या बाजूला रंगाचे नंबर, पुठ्ठ्याच्या आकाराचाच काप म्हणजे आत बसंल.

लातूरचे_गुरुजी

कागदाला अनुमोदन. आणि चित्र हातानं काढलं तरी चालंल पण बाण स्पष्ट पाहिजेत.

वाळूज_पुठ्ठा

रविवारी पार्ट घेऊन ये माझ्याकडं, वाया गेलेले पुठ्ठ्याचे तुकडे भरपूर पडलेत, दोन-चार प्रकारानं करून बघू. खांद्याच्या उंचीवरून टाकायचं, सपाट एकदा, कडेवर एकदा आणि कोपऱ्यावर एकदा. कोपऱ्यावरचं सगळ्यात वाईट असतं. त्यातून पिटो वाचली तर पाकीट पास.

रेझिनवाला_सिडको

येतो. मंग सध्यापुरतं असं ठरवतो. पार्ट सपोर्टसकट, प्रकारवार वेगळ्या झिप पिशव्या, पिशवीवर लेबल, खिडकीचा पुठ्ठा, आत कागद. पिटो पेनाच्या नळीत. डबा पाहिजे त्याला वेगळा. रविवारच्या टेस्टनंतर खऱ्या पोस्टानं कुणाकडं तरी पाठवून बघायचंय, माल फुकट, फक्त उघडताना फोटो काढून इथं टाकायचे आणि मोडलं असंल तर तसं सांगायचं. कोण घेतंय?

नांदेड_रणगाडा

मला पाठव. आमच्या गल्लीत येणारा कुरिअरवाला गेटवरून पार्सल फेकतो, त्याच्याकडून पास झालं तर कुठंबी पास होईल. फक्त विमानाचं मला काय करायचं नाही, फोटो काढून पार्ट गुरुजींकडं पाठवतो.

लातूरचे_गुरुजी

पाठव. पण पिटो कुठली आहे? माझं किट एफएल चं आहे, बिस ची उजवीकडची पाठवू नको.

रेझिनवाला_सिडको

सध्या बिस चीच आहे गुरुजी. एफएल ची पुढच्या महिन्यात काढतो, नाकाच्या मधोमधवाली.